साखर तीच, जिवाणू तेच, तरी काही उजळतात आणि काही काळेच राहतात: एकेक पेशी मोजायची कशी

“मॅडम, अर्ध्या पेशी पेटल्याच नाहीत. माझं काहीतरी चुकलं.”

मायक्रोस्कोपवरून डोळा न काढताच माझी विद्यार्थिनी बोलली. मी वाकून पाहिलं. काळ्या पडद्यावर हिरव्या तांदळाचे दाणे सांडावेत तशा पेशी चमकत होत्या. दिवा बदलून साध्या प्रकाशात पाहिलं, तर त्यांच्या अगदी शेजारी, तेवढ्याच लांबीच्या, तेवढ्याच धडधाकट दिसणाऱ्या आणखी कितीतरी पेशी होत्या आणि त्यांच्यात हिरव्याचा मागमूसही नव्हता. फ्लास्क एक, साखर एक, सगळ्या पेशी एकाच वसाहतीतून वाढलेल्या. तिचं काहीच चुकलं नव्हतं. आम्ही पाहायला बसलो होतो ते हेच.

वडोदऱ्यात मी बरीच वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते. घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि जर्नलमध्ये इंग्रजी लिहिणारी दांडिया बाजार-रावपुऱ्यातली मुलं माझ्याकडे येतात. प्रयोग त्यांना येतो, पण का करतो हे स्वतःच्या भाषेत सांगा म्हटलं की अडतात. १८९० साली याच गावात कलाभवन सुरू झालं तेव्हा त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की शास्त्र लोकांना त्यांच्या भाषेत शिकवावं. मलाही ते मनापासून पटतं. म्हणून हा प्रयोग पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत मराठीत लिहिते आहे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला किंवा एम.एस्सी.ला असाल, प्रयोगशाळा हाताशी असेल, तर चार दिवसांत होतो. घरी करायचा नाही.

रेग्युलेटर की बटण?

पंख्याला रेग्युलेटर असतो, ट्यूबलाइटला बटण. जिवाणूला थोडी साखर दिली तर तो थोडंसंच एन्झाइम बनवेल, म्हणजे रेग्युलेटरसारखा वागेल, असं आपण धरून चालतो. टेस्ट ट्यूबमध्ये मोजलं तर तसंच दिसतंही: साखर वाढवा, एन्झाइम हळूहळू वाढतं. पण टेस्ट ट्यूबमध्ये कोट्यवधी पेशी असतात आणि आपल्याला मिळते ती त्या सगळ्यांची सरासरी. सगळ्या पेशी निम्म्या उजळल्या तरी सरासरी निम्मी येते, आणि निम्म्या पेशी पूर्ण उजळून निम्म्या काळ्या राहिल्या तरी निम्मीच येते. दोन्हीचा आकडा एक, घडलेली गोष्ट मात्र अगदी वेगळी. हा सगळा खटाटोप त्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखण्यासाठी आहे.

हा प्रश्न १९५७ मध्ये आरॉन नोविक आणि मिल्टन वायनर यांनी ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूवर सोडवला. त्यांनी टीएमजी वापरलं. हा लॅक्टोजसारखा रेणू पेशीला लॅक्टोज आल्याचा निरोप देतो, पण पेशीला तो खाता येत नाही. कमी टीएमजीमध्ये एकेक पेशी एक तर पूर्ण चालू होती किंवा पूर्ण बंद. सरासरी वाढत होती ती चालू पेशींची संख्या वाढत होती म्हणून. शिवाय एकदा चालू झालेल्या पेशी नंतर इतक्या कमी टीएमजीत ठेवल्या, की तेवढ्यावर नवी पेशी चालू होऊ शकली नसती, तरी त्या आणि त्यांची संतती पिढ्यान्‌पिढ्या चालूच राहिली.

कारण दारात आहे. साखर आत आणणारं प्रथिन, म्हणजे परमिएज, साखरेच्याच हुकमावर बनतं. ज्या पेशीच्या पटलात योगायोगाने थोडी जास्त परमिएज असतील तिच्यात थोडी साखर शिरते. ती साखर आणखी परमिएज बनवायला लावते, त्यातून आणखी साखर येते. काही वेळात पेशी पूर्ण चालू. जिच्यात सुरुवातीला दारच नाही ती बाहेर साखर असूनही उपाशी. आता योगायोग कशामुळे? लॅक्टोज वापरायच्या जनुकांना (लॅक जनुकांना) अडवून धरणारं रिप्रेसर प्रथिन एका पेशीत साधारण दहाच्या आसपास असतं. एवढ्या थोड्या रेणूंच्या कारभारात एखादा रेणू क्षणभर डीएनएवरून सुटला तरी त्या पेशीचं पुढचं सगळं बदलू शकतं. २००२ मध्ये मायकेल एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी एकाच पेशीत दोन रंगांची प्रथिनं एकसारख्या प्रमोटरवर (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर) ठेवली, तरी दोन्ही रंग एकमेकांशी तंतोतंत जुळले नाहीत. याला जनुकातला गोंगाट म्हणतात.

आपण लॅक्टोजऐवजी ॲराबिनोज घेणार आहोत. त्यातही हाच खेळ आहे: ॲराबिनोज आत आणणारी एआरएई आणि एआरएएफजीएच ही वाहक प्रथिनं ॲराबिनोजनेच वाढतात. कमी ॲराबिनोजमध्ये पेशी दोन गटांत विभागल्या जातात हे डेबोरा सीगल आणि जेम्स हू यांनी १९९७ मध्ये दाखवलं. आणि सोय अशी, की पीग्लो हे प्लाझ्मिड, म्हणजे जिवाणूत वेगळं राहणारं डीएनएचं छोटं कडं, पुष्कळ कॉलेजांच्या फ्रिजमध्ये आधीच असतं. त्यात ॲराबिनोजचं बटण आणि जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक जोडलेलं आहे.

आधी परवानगी, मग सामान

जनुकीय बदल केलेला जिवाणू वापरताय, तर तुमच्या संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला लेखी कळवा. समिती नसेल तर प्राध्यापकांना विचारा की हे काम कुठे करता येईल. पीग्लो घातलेला ई. कोलाय एचबी१०१ हा प्रयोगशाळेतला निरुपद्रवी वाण आहे, पण त्याच्यात ॲम्पिसिलिनला न जुमानणारं जनुक आहे. तो नळावाटे बाहेर जाता कामा नये. वापरलेलं प्रत्येक कल्चर आणि प्लेट १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली, किमान २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच टाका. यूव्ही दिव्यापुढे चष्मा हवाच.

एचबी१०१ आपल्याला आणखी एका कारणाने सोयीचा आहे. त्याला ॲराबिनोज आत घेता येतं, पण पचवता येत नाही. म्हणजे प्रयोग चालू असताना साखर संपत नाही. तुम्ही टाकलेलं प्रमाण शेवटपर्यंत तेवढंच राहतं.

ॲराबिनोज मागवताना बाटलीवर एल-ॲराबिनोज असंच लिहिलेलं हवं. आमच्याकडे एका वर्षी मागणीपत्रात नुसतं ॲराबिनोज लिहिलं गेलं आणि डी-ॲराबिनोज आलं. दोन दिवस एकही पेशी चमकेना. प्लाझ्मिड बदललं, ॲम्पिसिलिन नवं केलं, शेवटी बाटली हातात घेऊन लेबल वाचलं. जिवाणूचं कुलूप फक्त एल रूपाने उघडतं.

बाकी यादी छोटी आहे: एलबी ब्रॉथ (जिवाणू वाढवायचं द्रव माध्यम) आणि अगार, ॲम्पिसिलिन (१ मि.लि.ला १०० मायक्रोग्रॅम), पीबीएस (पेशी धुवायचं खारट बफर), ॲगरोज, ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर, शेकर, कलरीमीटर, आणि १०० पट तेल-भिंगाचा फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप, ज्याला कॅमेरा आहे. पीग्लोमधलं जीएफपी ३९५ नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशाने सगळ्यात जास्त उजळतं. ४७५ च्या आसपासच्या निळ्या प्रकाशाने चमकतं, पण मंद. मायक्रोस्कोपात नेहमीचा, निळ्या प्रकाशाचा एफआयटीसी फिल्टर असेल तर काम होईल, फक्त एक्सपोजर जास्त लागेल.

फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप नसेल तर काय? निम्मा प्रश्न कलरीमीटरवरही पाहता येतो. त्यासाठी एचबी१०१ चालणार नाही, त्याला लॅक्टोज नीट आत घेता येत नाही. ई. कोलाय के-१२ चा एमजी१६५५ सारखा साधा वाण घ्या. एम९ या साध्या क्षारांच्या माध्यमात थोडं ग्लुकोज (०.०४ टक्के) आणि जास्त लॅक्टोज (०.२ टक्के) घालून दर पंधरा मिनिटांनी ६०० नॅनोमीटरवर गढूळपणा मोजा. आधी ग्लुकोज संपेपर्यंत वाढ, मग सपाट टप्पा, मग पुन्हा वाढ. हा दोन टप्प्यांचा आलेख झाक मोनोने १९४१ च्या प्रबंधात मांडला. आता त्या सपाट टप्प्याकडे पाहून स्वतःला विचारा: सगळ्या पेशी थांबून तयारी करत आहेत, की थोड्या लगेच कामाला लागल्या आहेत आणि बाकीच्या बसूनच आहेत? आलेख दोन्ही वेळा सारखाच दिसेल. ताक-चीजच्या विरजणातला लॅक्टोकॉकस लॅक्टिस घेऊन २०१४ मध्ये हेच तपासलं गेलं. ग्लुकोज संपून सेलोबायोज या दुसऱ्या साखरेवर जायची वेळ आली तेव्हा काही पेशीच पुढे वाढल्या, बाकीच्या अडकल्या. हे कळलं ते एकेक पेशी पाहिल्यावरच.

पहिला दिवस: साखरेची शिडी

२ ग्रॅम एल-ॲराबिनोज पाण्यात विरघळवून १० मि.लि. करा. हे २० टक्के. फिल्टरने निर्जंतुक करा, ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका. त्यातून दहापट-दहापट पातळ करत २, ०.२ आणि ०.०२ टक्के अशा आणखी तीन बाटल्या बनवा. पाचव्या बाटलीत नुसतं निर्जंतुक पाणी. यातल्या प्रत्येक बाटलीतलं १०० मायक्रोलिटर उद्या १० मि.लि. कल्चरमध्ये जाणार आहे, म्हणजे शेवटचं प्रमाण ०.२, ०.०२, ०.००२, ०.०००२ टक्के आणि शून्य. सगळीकडे एकाच मापाचा थेंब टाकायचा, कारण एका फ्लास्कला जास्त पाणी आणि दुसऱ्याला कमी असा फरक राहिला की नंतर वाद सुरू होतात.

संध्याकाळी ताज्या प्लेटवरची एकच वसाहत उचलून ५ मि.लि. एलबी-ॲम्पिसिलिनमध्ये रात्रभर वाढवा. साखर अजिबात नाही. जुन्या प्लेटवर मोठ्या वसाहतीभोवती बारीक वसाहतींचं कडं दिसतं. त्या प्लाझ्मिड नसलेल्या, शेजारणीने ॲम्पिसिलिन फोडल्यामुळे जगलेल्या असतात. त्या चुकून उचलल्या तर सगळा प्रयोग पाण्यात.

एक स्थानिक सूचना. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. मे महिन्यात आपल्याकडे बिनएसीच्या खोलीत पारा चाळिशी गाठतो तेव्हा ३७ वर काटा लावून काही उपयोग नसतो, आतही ४० च्या वरच असतं. हा प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत लावा. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढते, ती वेगळीच डोकेदुखी.

दुसरा दिवस: घड्याळ लावून

सकाळी रात्रीचं कल्चर १०० पट पातळ करून ताज्या एलबी-ॲम्पिसिलिनमध्ये टाका. ३७ अंश, शेकरवर मिनिटाला १८० ते २०० फेरे. १०० मि.लि.च्या फ्लास्कमध्ये १० मि.लि.पेक्षा जास्त भरू नका. जीएफपीला हिरवं व्हायला ऑक्सिजन लागतो, गच्च भरलेल्या फ्लास्कमधल्या पेशी प्रथिन बनवूनही फिक्या दिसतील. ओडी, म्हणजे ६०० नॅनोमीटरवरचा गढूळपणा, ०.२ ते ०.३ झाली की सगळ्या फ्लास्कना आपापली साखर द्या आणि वेळ लिहा.

सहावा फ्लास्क विसरू नका: ०.२ टक्के ॲराबिनोज आणि सोबत ०.२ टक्के ग्लुकोज. ग्लुकोज असताना ई. कोलाय दुसऱ्या साखरेकडे सहसा वळत नाही. हा फ्लास्क बराचसा काळा राहिला तर ग्लुकोज तुमचं ॲराबिनोजचं बटण अडवतं याची खात्री पटते.

३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांनी प्रत्येकातून १ मि.लि. काढा, लगेच बर्फात. मग थंड पीबीएसने दोनदा धुवा. एलबी स्वतःही थोडं चमकतं, ते धुऊन काढायलाच हवं. शेवटी १०० ते २०० मायक्रोलिटर पीबीएसमध्ये मिसळून तासाभरात पाहा.

चारही वेळा का, याचं कारण सांगते. कमी साखरेत पेशी एकाच वेळी चालू होत नाहीत. कुणी विसाव्या मिनिटाला, कुणी सत्तराव्या. तिसाव्या मिनिटाला काळी दिसलेली पेशी कायमची बंद आहे की फक्त उशिरा येणार आहे, हे एकाच फोटोवरून सांगता येणार नाही. निम्म्या विद्यार्थ्यांचे निष्कर्ष इथेच घसरतात.

मायक्रोस्कोपपाशी

पेशी काचेवर नुसत्या ठेवल्या तर पोहत राहतात. पीबीएसमध्ये १.५ टक्के ॲगरोज वितळवा, कोमट असताना एका स्लाइडवर सुमारे अर्धा मि.लि. ओता, वर दुसरी स्लाइड अलगद ठेवा. दोन्ही टोकांना कव्हरस्लिपचे दोन-दोन थर ठेवले की जाडी सारखी येते. गोठल्यावर वरची स्लाइड सरकवून काढा, ब्लेडने छोटा चौकोन कापा, त्यावर २ मायक्रोलिटर कल्चर टाका, थेंब मुरू द्या, मग कव्हरस्लिप. अगार वापरू नका, ते स्वतःच चमकतं.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना. कॅमेऱ्याचं ऑटो-एक्सपोजर बंद करा. पहिल्यांदा हा प्रयोग लावला तेव्हा मी ते चालू ठेवलं होतं. मंद नमुना आला की कॅमेरा स्वतःच एक्सपोजर वाढवत होता आणि संध्याकाळी पाचही फ्लास्कचे फोटो सारखेच उजळ दिसत होते. सगळा दिवस पुन्हा करावा लागला. आधी सगळ्यात तेजस्वी नमुना लावा, ०.२ टक्के, १२० मिनिटं. एकही पिक्सेल पांढराफटक न होईल इतकं एक्सपोजर ठरवा, वहीत लिहा, आणि दिवसभर त्याला हात लावू नका. फोटो टिफ स्वरूपातच ठेवा, जेपीईजीत आकडे बदलतात.

प्रत्येक जागेचे दोन फोटो: एक फेज कॉन्ट्रास्टमध्ये (साध्या प्रकाशात सगळ्याच पेशी दाखवणारी पद्धत), एक हिरव्यात. आणि जागा निवडताना हिरव्यात पाहून निवडायची नाही. हे करायला मन धजत नाही, कारण डोळा चमकणाऱ्या ठिकाणीच धावतो. फेजमध्ये पेशी नीट विखुरलेल्या दिसल्या की तीच जागा, मग हिरव्यात जे दिसेल ते दिसेल.

तिसरा दिवस: मोजणी

इमेजजे हा प्रोग्राम फुकट मिळतो. फेजच्या फोटोवर थ्रेशोल्ड (उजळ-गडद वेगळं करणारी मर्यादा) लावून पेशींच्या कडा काढा, त्याच प्रोग्राममधल्या आरओआय मॅनेजर या खिडकीत साठवा, आणि त्याच कडा हिरव्या फोटोवर ठेवून प्रत्येक पेशीची सरासरी चमक मोजा. कडा हिरव्या फोटोवरून काढल्यात तर काळ्या पेशी मोजणीत येणारच नाहीत, आणि मग सगळ्याच पेशी उजळल्या असा निष्कर्ष निघेल. चिकटलेल्या जोड्या हाताने वगळा. रिकाम्या जागेची चमक वजा करा.

किती पेशी मोजायच्या? समजा खरोखर निम्म्या चालू आहेत. ३० पेशी मोजल्या तर तुमचं उत्तर सुमारे १८ टक्के वर किंवा खाली असू शकतं, म्हणजे ३२ ते ६८ मध्ये कुठेही. ३०० मोजल्या तर चूक ६ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून दर नमुन्याला ३००, त्याही निदान पाच वेगवेगळ्या जागांवरून. कंटाळवाणं काम आहे, पण प्रयोगाचा जीव यातच आहे.

मग प्रत्येक नमुन्याचा हिस्टोग्राम काढा, आडवा अक्ष लॉग प्रमाणात. साध्या अक्षावर काळ्या पेशी एका काडीत दबून जातात. शून्य साखरेच्या नमुन्यात १०० तल्या ९९ पेशी ज्या चमकेच्या खाली राहतात ती तुमची सीमारेषा. तिच्या वर चालू, खाली बंद.

आता आलेख एकाखाली एक ठेवा. साखर वाढेल तसा एकच ढीग डावीकडून उजवीकडे सरकत गेला तर तो रेग्युलेटर. डावीकडचा ढीग जागेवरच राहून खचत गेला आणि उजवीकडे दुसरा उभा राहिला तर ते बटण. कोणत्या प्रमाणाला दोन्ही ढीग सारखे होतील हे वाण, माध्यम आणि तापमान ठरवतं. ते प्रमाण सापडलं की त्याच्या आजूबाजूला आणखी दोन-तीन प्रमाणं घेऊन पुन्हा करा. उजवीकडचा ढीगही सुईसारखा टोकदार नसतो. चालू पेशींतही काही दुसऱ्यांपेक्षा कितीतरी पट तेजस्वी दिसतात, कारण प्रत्येकीत प्लाझ्मिडच्या प्रती कमी-जास्त असतात. प्रमाणित विचलन भागिले सरासरी काढून हा पसारा आकड्यात लिहा.

नोविक-वायनरसारखी आठवण, म्हणजे एकदा चालू झालेली पेशी नंतरही चालूच राहते का, हे तपासायची इच्छा होईलच. तेव्हा एक हिशेब ध्यानात ठेवा. जीएफपी सहज नष्ट होत नाही, ते फक्त विभाजनाने वाटलं जातं. चालू पेशी साखरेबाहेर काढली तर पहिल्या पिढीत चमक निम्मी, पाच पिढ्यांनी बत्तिसावा भाग. म्हणून दोन पिढ्यांनंतर दिसणारी हिरवाई जुनी शिल्लक असते, तिला आठवण म्हणू नका. ओडी वाढू न देता ताज्या माध्यमात पातळ करत निदान सहा पिढ्या जाऊ द्या.

काळ्या पेशी खरंच बंद आहेत का?

उजळ आणि काळ्या पेशी साधारण सारख्याच संख्येने असलेला फ्लास्क सापडला की एक शेवटची तपासणी राहते, आणि ती केल्याशिवाय मी कुणाच्या जर्नलवर सही करत नाही. काळी पेशी मेलेली असू शकते, किंवा तिच्यातलं प्लाझ्मिड हरवलेलं असू शकतं. मग बटणाची सगळी गोष्टच कोसळते.

म्हणून प्रयोगाच्या दिवशीच त्या फ्लास्कमधून थोडं कल्चर घ्या. ओडी ०.५ च्या सुमारास १ मि.लि.त साधारण ४० कोटी पेशी असतात. पाच वेळा दहापट पातळ करा आणि ५० मायक्रोलिटर पसरवा, प्लेटवर सुमारे २०० वसाहती येतील. त्या दोनशेपेक्षा फारच कमी आल्या तर बऱ्याच पेशी मेलेल्या होत्या असं समजा. प्लेटमध्ये ०.२ टक्के ॲराबिनोज घाला आणि ॲम्पिसिलिन घालू नका. ॲम्पिसिलिन घातलं तर प्लाझ्मिड हरवलेल्या पेशी मरतील आणि तुम्हाला त्या दिसणारच नाहीत.

दुसऱ्या दिवशी खोली अंधारी करून यूव्ही दिवा लावा. प्लाझ्मिड हरवलेल्या पेशींच्या वसाहती फिक्या दिसतील. त्यांची टक्केवारी काढा आणि मायक्रोस्कोपखालच्या काळ्या पेशींच्या टक्केवारीतून वजा करा. “माझं काहीतरी चुकलं” म्हणणाऱ्या त्या विद्यार्थिनीच्या प्लेटवर २१३ वसाहती होत्या. तिने दोनदा मोजल्या, काचेवर मार्करने टिंबं देत. फिक्या दोनच निघाल्या. बाकी सगळ्या हिरव्या, म्हणजे काल मायक्रोस्कोपखाली काळ्या दिसलेल्या जवळपास सगळ्या पेशींच्याही. मग तिने प्लेटा पिशवीत घालून ऑटोक्लेव्हला लावल्या आणि जर्नलमध्ये “चुकलं” लिहिलं होतं ते खोडलं.